एसक्यूई, एथिक्स आणि कॉलेजातलं जुनं प्रकरण

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: भारतात वकिली करून इंग्लंडला सॉलिसिटर व्हायला येताना एथिक्सचा वेगळा अभ्यास लागतो का, आणि कॉलेजात कॉपीच्या प्रकरणात झालेली कारवाई अर्जात लिहायची का.

दुसरं आधी. लिहा, आडपडदा न ठेवता. भारतातली सनद असल्यामुळे दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट तुम्हाला नाही, पण चारित्र्याची तपासणी कुणालाच चुकत नाही. ती एसआरए करते, म्हणजे इथल्या सॉलिसिटरांची नियामक संस्था. परीक्षेतली कॉपी, फौजदारी प्रकरण, दिवाळखोरी हे स्वतःहून कळवायचं असतं. जुनी चूक सांगितली तर तिचा सारासार विचार होतो. लपवली आणि उघड झाली, तर लपवणं हाच मोठा ठपका.

एथिक्सचा स्वतंत्र पेपर नाही. एसक्यूई म्हणजे इथे सॉलिसिटर होण्यासाठी द्यायची परीक्षा; तिच्या पहिल्या टप्प्यातल्या, एसक्यूई-१ च्या ३६० प्रश्नांत ते विखुरलेलं असतं. घरखरेदीचा साधा प्रश्न वाटतो आणि खरा मुद्दा निघतो एकाच वकिलाने दोन्ही बाजू घेतल्याचा. म्हणून २०१९ पासून लागू असलेली एसआरएची आचारसंहिता सवडीने वाचा, गाइडवर भागवू नका.

बार कौन्सिलचे नियम तुम्हाला ठाऊक आहेतच, त्यामुळे गोपनीयता किंवा कोर्टाची दिशाभूल न करणं यात नवं काही नाही. जाहिरातीला इथे मुभा आहे, मात्र अनोळखी माणसाला स्वतःहून गाठून काम मागता येत नाही. नवं वाटेल ते पैशांचं. फीपोटी आगाऊ घेतलेली रक्कमसुद्धा बिल देईपर्यंत साधारणपणे अशिलाचीच, आणि ती वेगळ्या खात्यात ठेवायची. समोरच्या सॉलिसिटरला फोनवर दिलेली हमीही बंधनकारक ठरते. सहकाऱ्याने गंभीर नियमभंग केला तर तो कळवणं तुमचं कर्तव्य आहे. हे मनाला पटायला वेळ लागतो.

२०१८ चा इथल्या हायकोर्टाचा एक निकाल जरूर वाचा. कामात झालेला उशीर झाकायला एका ज्युनियर सॉलिसिटरने मागच्या तारखेची पत्रं तयार केली होती. ऑफिसातला दबाव आणि तिची मानसिक अवस्था पाहून शिस्तपालन न्यायाधिकरणाने तिला सनदीवर राहू दिलं होतं. हायकोर्टाने ते फिरवलं आणि सॉलिसिटरांच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. नुसता उशीर राहिला असता तर तो वरिष्ठांना आणि अशिलाला सांगून निस्तरता आला असता.

त्यामुळे नोकरीच्या मुलाखतीत सरळ विचारा: माझ्या हातून चूक झाली तर त्याच दिवशी कुणाकडे जायचं? प्रत्येक फर्ममध्ये नियमपालनासाठी एक जबाबदार अधिकारी नेमलेला असावाच लागतो. तुम्हाला त्यांच्याशी थेट बोलता येईल का, तेही विचारून घ्या.