कवच फुटलं की नाही? मानेतल्या नोडच्या रिपोर्टबद्दल तुमचे प्रश्न

या वेळच्या टपालात तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरबद्दल बरेच प्रश्न आहेत, आणि त्यातले बहुतेक 'ईएनई' (कॅन्सर मानेतल्या गाठीचं कवच भेदून बाहेर येणं) या तीन अक्षरांपाशी येऊन अडले आहेत. आधी एक खुलासा. मराठीत आपण कशालाही 'गाठ' म्हणतो: मूळ कॅन्सरलाही आणि मानेतल्या लिम्फ नोडलाही. ओपीडीत त्यावरून रोज गोंधळ होतो. म्हणून इथे मूळ आजाराला कॅन्सर आणि मानेतल्या गाठीला नोड म्हणेन.

बाबा ५४ वर्षांचे, तंबाखू-चुन्याची जुनी सवय. उजव्या गालाच्या आतून कॅन्सर झाला, ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठीही काढल्या. रिपोर्टमध्ये '३८ पैकी २ नोड पॉझिटिव्ह, ईएनई प्रेझेंट, १.५ मिमी, पीएन३बी' असं लिहिलंय. ऑपरेशनआधी दुसरी स्टेज सांगितली होती, आता 'फोर बी' म्हणतात. म्हणजे शरीरभर पसरला का? (मुलगी, जालना)

नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये फुप्फुसं, यकृत, हाडं अशा लांबच्या ठिकाणी आजार गेला असेल तर त्याला 'फोर सी' म्हणतात. बाबांच्या रिपोर्टमध्ये तसं काही नाही.

नोड साधारण वालाच्या दाण्याएवढा असतो आणि दाण्यावर साल असावी तसं त्याच्यावर पातळ कवच असतं. कॅन्सरच्या पेशी लसिकावाहिनीतून येतात, कवचाच्या आतल्या बाजूला आधी स्थिरावतात, तिथे वाढतात. पुढे काही वेळा त्या कवच भेदून भोवतालच्या चरबीत किंवा स्नायूत शिरतात. हेच 'एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन', म्हणजे ईएनई. जुन्या रिपोर्टमध्ये यालाच 'एक्स्ट्राकॅप्सुलर स्प्रेड' किंवा 'पेरिनोडल स्प्रेड' लिहिलेलं सापडेल.

स्टेज एकदम का उडी मारते? टीएनएम (मूळ कॅन्सर, नोड आणि लांबचा प्रसार यांवरून स्टेज ठरवण्याच्या) पद्धतीच्या आठव्या आवृत्तीने तोंडाच्या कॅन्सरमध्ये ईएनईला नोडच्या गणितात थेट जागा दिली. ही आवृत्ती २०१८ पासून लागू आहे. त्याआधी नोड किती, केवढे आणि कोणत्या बाजूचे एवढंच मोजायचे. आता एकाहून जास्त नोडमध्ये कॅन्सर आहे आणि त्यातल्या एकाचं जरी कवच फुटलंय, तर थेट एन३बी (रिपोर्टमधला 'पी' म्हणजे पॅथॉलॉजीच्या तपासणीवरून), आणि त्यावरून स्टेज 'फोर बी'. बाबांचे हेच दोन छोटे नोड कवच शाबूत असते तर एन२बी ठरले असते. आजार रातोरात वाढलेला नाही. ऑपरेशनआधीचा अंदाज होता आणि आता काढलेला तुकडा बोलतो आहे.

१.५ मिमी हा आकडाही कामाचा आहे. कवचाबाहेर २ मिमीपर्यंतचा शिरकाव 'मायनर', त्यापुढचा 'मेजर'. मात्र स्टेज ठरवताना दोन्हींना सारखंच धरतात. आणि डॉक्टर लाईटसोबत (किरणोपचारासोबत) केमो का म्हणताहेत तेही यातूनच आलं आहे. २००४ मध्ये युरोपातली एक आणि अमेरिकेतली एक अशा दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी दोन्हींची आकडेवारी एकत्र करून पाहिली, तेव्हा ऑपरेशननंतर किरणोपचाराला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची जोड देण्याचा फायदा मुख्यतः दोन गटांत दिसला: ईएनई असलेले आणि कापलेल्या कडेवर कॅन्सर राहिलेले. रिपोर्टमधल्या एका शब्दावर केमो लागणार की नाही हे ठरतं, ते असं.

आईच्या मानेच्या ऑपरेशनचा पहिला रिपोर्ट आला त्यात ईएनई नाही. ब्लॉक (मेणात बसवलेले नोडचे तुकडे) दुसरीकडे तपासले, तिथे 'आहे, १ मिमीपेक्षा कमी' असं आलं. कोण चुकलं? (मुलगा, सांगली)

कदाचित कोणीच नाही. हे उत्तर पटणार नाही याची मला कल्पना आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कवच पुस्तकातल्या आकृतीत असतं तसं सलग, गोल, ठळक रेघेसारखं नसतं. नोडच्या देठाशी, जिथून रक्तवाहिन्या आत-बाहेर करतात, तिथे चरबी मुळातच आत शिरलेली असते. त्या भागात कॅन्सर चरबीला टेकलेला दिसला तर तो बाहेर पडला की चरबीच आत होती? काही नोडना काही ठिकाणी कवचच नसतं. काही नोडमध्ये कॅन्सर वाढताना भोवती जाड तंतूंचा नवा थर तयार होतो. एक पॅथॉलॉजिस्ट (स्लाइड तपासणारा डॉक्टर) म्हणतो, हे कवचच जाड झालंय, पेशी अजून आत आहेत. दुसरा म्हणतो, मूळ कवच केव्हाच मागे पडलं, हा बाहेर पडल्यावरचा व्रण आहे. स्लाइड एकच, डोळे दोन जोड्या. त्यातून दोन-तीन नोड एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेलं असलं की हद्दी शोधणं म्हणजे पूर ओसरल्यावर शेताचे बांध शोधण्यासारखं. कधी चरबीत नुसताच कॅन्सरचा पुंजका सापडतो, नोडचा मागमूसही नसतो. तो पूर्ण गिळला गेलेला नोड मानायचा की आणखी काही?

मोठा, उघड शिरकाव असेल तर आम्हा पॅथॉलॉजिस्टांत सहसा दुमत होत नाही. भांडण होतं ते १ मिमीच्या आतबाहेर. तुमच्या आईंची केस नेमकी त्या पट्ट्यात आहे.

शिवाय ब्लॉकमधून पुन्हा काप घेतले असतील तर दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पाहिली ती स्लाइड पहिल्याच्या स्लाइडहून वेगळी होती. एक काप ३-४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). थोडं खोल गेलं की पहिल्या कापात नसलेली फट दिसू शकते.

हाच विस्कळीतपणा कमी व्हावा म्हणून 'हेड अँड नेक कॅन्सर इंटरनॅशनल ग्रुप' या संघटनेने तज्ज्ञांचं एकमत घेऊन २०२४ मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ईएनई कशाला म्हणायचं यासाठी एक संच, आणि सीटी-एमआरआयवर कशाला म्हणायचं यासाठी दुसरा. माझ्या मते हे काम वीस वर्षं उशिरा झालं. २००४ पासून आम्ही या एका शब्दावर माणसांना केमो देतो आहोत, आणि शब्दाची व्याख्या मात्र ज्या त्या विभागाच्या सवयीवर सोडली होती. शिफारशी आल्या म्हणून उद्यापासून सगळ्यांचे डोळे सारखे होणार नाहीत. पण निदान वाद कुठे आहे ते एका भाषेत लिहिता येईल.

आता तुम्ही काय करायचं? दोन्ही ठिकाणच्या स्लाइड (फक्त कागद नव्हे) ट्यूमर बोर्ड (वेगवेगळ्या कॅन्सरतज्ज्ञांची एकत्र बैठक) भरतो अशा हॉस्पिटलमध्ये न्या. पॅथॉलॉजिस्टला मोकळेपणाने विचारा की नेमका कोणत्या नोडवर आणि कोणत्या जागी मतभेद आहे. टीएनएमचा एक जुना नियमही माहीत असू द्या: खरोखर शंका उरली तर खालची श्रेणी लिहायची. मात्र हा नियम स्टेज लिहिण्यासाठी आहे. उपचार ठरवताना कॅन्सरतज्ज्ञ आईंचं वय, मूत्रपिंडं, कान, कापलेल्या कडा, बाकी नोड हे सगळं धरूनच बोलतील. आणि हे फार लांबवू नका. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांत लाईट सुरू व्हावी असा प्रयत्न असतो.

यजमानांच्या जिभेला कॅन्सर होता. स्कॅनमध्ये मान स्वच्छ होती, हातालाही काही लागत नव्हतं. तरी मान उघडली, आणि आता रिपोर्टमध्ये ईएनई. स्कॅन चुकीचा होता का? (कणकवली)

स्कॅनला मिलिमीटरभर फट दिसत नाही. त्यावर फार तर नोडची पुसट कड, शेजारच्या स्नायूत घुसलेला आजार, मधला मेलेला भाग असं काही दिसतं. म्हणून ऑपरेशनआधी ईएनई धरायला आठव्या आवृत्तीत अट कडक आहे: त्वचेत शिरलेला किंवा जागेवर घट्ट रुतलेला नोड अशी तपासणीत कळणारी ठोस खूण हवी, आणि स्कॅनने तिला दुजोरा द्यायला हवा.

मान उघडली ते योग्यच झालं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरचे आणि वरून मान स्वच्छ वाटणारे ५०० रुग्ण त्यात मोजले होते. मूळ ऑपरेशनसोबतच मानेतले नोड काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. 'गाठ आली तर बघू' म्हणून थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तुमच्या यजमानांच्या मानेत लपलेला आजार होता, तो वेळेत हाती लागला.

मी पॅथॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नेक डिसेक्शनचं (ऑपरेशनमध्ये काढलेल्या मानेतल्या नोडचं) ग्रॉसिंग, म्हणजे डोळ्यांनी तपासून काप घेणं, माझ्याकडे असतं. ईएनईच्या दृष्टीने काय सांभाळू? (रेसिडेंट, नागपूर)

हा प्रश्न पाहून बरं वाटलं, कारण माझ्या अनुभवात निम्मे घोटाळे सूक्ष्मदर्शकाच्या आधीच, ग्रॉसिंगच्या टेबलावर होतात.

मी तुमच्या जागी असताना नोड चरबीतून सोलून, अगदी लखलखीत करून कॅसेटमध्ये (तुकडे ठेवायच्या छोट्या डबीत) टाकायचे. आमच्या मॅडमनी एकदा स्लाइड पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, पुरावाच धुऊन टाकलास की!" नोडभोवतीची चरबी राहू द्या. कॅन्सर बाहेर पडला असेल तर तो त्या चरबीतच असणार.

फॉर्मॅलिन (तुकडा टिकवणारं द्रव) नीट मुरू द्या. अर्धवट मुरलेली चरबी सुरीखाली सरकते. नोड डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त सापडतात. लेव्हलप्रमाणे (मानेच्या ठरलेल्या भागांप्रमाणे) वेगळे ठेवा. सर्जनने लेबल लावली नसतील तर फोन करा, संकोच नको. निवडक डिसेक्शनमध्ये किमान १० आणि पूर्ण किंवा मॉडिफाइड रॅडिकलमध्ये किमान १५ नोड अपेक्षित असतात. कमी भरले तर चरबीत पुन्हा हात घाला. वरून निरोगी वाटणारा नोड २-३ मिमीचे काप करून सगळा द्या. उघड कॅन्सर असलेल्या नोडचा मधला मऊ भाग देऊन काही कळत नाही. जिथे कड फुगलीय, खडबडीत झालीय, चरबी चिकटलीय, तिथला काप द्या. दोन काप द्यायची वेळ आली तर दोन्ही कडेचेच द्या.

रिपोर्टमध्ये नुसतं 'प्रेझेंट' लिहून थांबू नका. कवचाच्या बाहेरच्या कडेपासून सर्वांत लांबच्या कॅन्सर पेशीपर्यंत, कवचाला काटकोनात, किती मिमी ते लिहा. कोणती लेव्हल, किती नोडमध्ये, नोडमधला कॅन्सरचा सर्वांत मोठा साठा किती मोठा, हेही. कवच हरवल्यामुळे मोजता येत नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

भाऊ अमेरिकेत असतो. टॉन्सिलचा कॅन्सर, पी-१६ (एचपीव्ही विषाणूशी संबंध दाखवणारी खूण) पॉझिटिव्ह. ईएनई आहे, पण तिथले डॉक्टर म्हणतात यामुळे स्टेज बदलत नाही. इकडे तर सगळे ईएनईला घाबरवतात. (पुणे)

ते बरोबर सांगताहेत. एचपीव्ही विषाणूमुळे होणारा टॉन्सिलचा कॅन्सर तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा उपचारांना खूप चांगला प्रतिसाद देतो. आठव्या आवृत्तीत ऑपरेशननंतर त्याचे फक्त नोड मोजतात: चारपर्यंत एन१, त्यापुढे एन२. ईएनई तिथे धरतच नाहीत. आपल्याकडे जास्त दिसतो तो गालफडाचा आणि हिरड्यांचा, तंबाखूचा आजार. त्याचा नियम भावाला लावू नका.

उपचारात मात्र ईएनई पाहतात. अमेरिकेत याच आजारावर झालेल्या ई-३३११ या चाचणीत कवचाबाहेर १ मिमीपर्यंत गेलेल्यांना मधल्या जोखमीच्या गटात ठेवून फक्त किरणोपचार दिले होते, तेही काहींना कमी मात्रेत. १ मिमीच्या पुढे गेलेल्यांना केमोही दिली. म्हणजे तोंडाच्या कॅन्सरमध्ये मायनर-मेजरची रेघ २ वर आणि इथे १ वर. दोन्ही रेघा माणसांनीच आखलेल्या. भावाच्या रिपोर्टमध्ये मिलिमीटर लिहिले नसतील, तर तिथल्या डॉक्टरांना ते विचारायला सांगा.