पाण्याखालचे जॅकेट : पट्टे, वजने आणि इन्फ्लेटर

पावसाळा सरून मालवण-तारकर्लीच्या बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या, की स्कूबाच्या सामानाबद्दल पत्रे येतात. यंदा बहुतेक पत्रे बीसीडीबद्दल आहेत : सिलिंडर पाठीला धरून ठेवणारे आणि हवा भरून-सोडून तरंगण्याचा तोल साधणारे जॅकेट. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : कोर्सचा स्विमिंग पूलमधला भाग झाला. डिसेंबरात कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला समुद्रातल्या डाइव्ह आहेत. विक्रेता म्हणतो, जितकी उचल जास्त तितके बीसीडी सुरक्षित. जॅकेट घ्यावे की बॅकप्लेट आणि विंग (पाठीवरची धातूची प्लेट आणि तिच्यामागची हवेची पिशवी)? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : जास्त उचल म्हणजे जास्त सुरक्षा, हे खरे नाही. हिशेब मांडून बघा. जॅकेटमधली एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या 11.1 लिटरच्या ॲल्युमिनिअम सिलिंडरमध्ये 200 बार दाबाला सुमारे 2,200 लिटर हवा मावते आणि त्या हवेचेच वजन अडीच-पावणेतीन किलो असते. डाइव्हच्या सुरुवातीला हे वजन पाठीवर असते, शेवटी नसते. त्यात वेटसूटची, म्हणजे ऊब राखणाऱ्या रबरी सूटची, भर : 3 मिमीचा सूट 18 मीटरवर दबतो आणि किलो-दीड किलोची उचल गमावतो. म्हणजे बुडण्यासाठी पट्ट्यावर लावायची शिशाची वजने बरोबर लावली असतील, तर पाण्याखाली तुम्हाला चार-साडेचार लिटर हवा पुरते. पृष्ठभागावर डोके नीट वर राहण्यासाठी आणखी थोडी धरा. 13 ते 15 लिटरची विंग एका सिलिंडरला भरपूर झाली. त्याहून मोठ्या पिशवीत हवा इकडून तिकडे पळते, रिकामी व्हायला वेळ लागतो आणि पाय मारताना पाणी जास्त अडते.

आता प्रकार. जॅकेट पृष्ठभागावर सरळ उभे धरते, खिसे असतात, वजनांचे कप्पेही असतात. मात्र पूर्ण फुगले की छाती आवळते. विंग पाठ आणि सिलिंडर यांच्यामध्ये असते, त्यामुळे पाण्याखाली शरीर आडवे राहायला मदत होते आणि छाती मोकळी राहते. पृष्ठभागावर ती गच्च फुगवली तर तोंड पुढे ढकलते, म्हणून हनुवटी पाण्याबाहेर येईल एवढीच हवा भरायची आणि मागे रेलायचे. स्टीलची प्लेट अडीच-तीन किलोची असते, ॲल्युमिनिअमची किलोभराची. उष्ण समुद्रात पातळ सूटवर स्टीलची प्लेट घेतली तर पट्ट्यावरची वजने जवळजवळ संपतात, आणि मग अडचणीच्या वेळी सोडून देण्यासारखे काहीच उरत नाही. म्हणून आमचे मत : विंग घ्यायचीच असेल तर ॲल्युमिनिअमची प्लेट घ्या. पण पहिल्या पाच-सहा डाइव्ह भाड्याच्या सामानावर करून मगच पैसे घाला. अंगाला नीट बसलेले साधे जॅकेट हे न बसलेल्या भारी विंगपेक्षा कितीतरी चांगले.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच. भाड्याचे जॅकेट फुगवले की कानापर्यंत चढते. पट्टे कितीही ओढले तरी तेच. (एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : आपण बहुधा खांद्याचे पट्टे आधी ओढता. क्रम उलटा आहे. वेटसूट घालून उभ्या राहा. सगळे पट्टे पूर्ण सैल करा. आधी पोटावरचा रुंद वेल्क्रोचा पट्टा बरगड्यांच्या खाली, कमरेवर घट्ट बसवा, मग त्यावरचे बकल लावा. त्यानंतर खांद्याचे पट्टे खाली-मागे ओढा, फक्त जॅकेट अंगाला टेकेपर्यंत. छातीवरचा पट्टा शेवटी, आणि तो काखांच्या रेषेत. फार खाली गेला तर श्वास अडतो.

मग जॅकेट पूर्ण फुगवा, इतके की जादा हवेचा व्हॉल्व्ह फुस्स करून हवा सोडेल. या अवस्थेत पोटभर श्वास घेता आला पाहिजे. जोडीदाराला सिलिंडरच्या गळ्याशी धरून जॅकेट वर उचलायला सांगा. दोन-तीन बोटे हलले तर ठीक, कानाला लागले तर पट्टा सैल आहे किंवा माप मोठे आहे. खांद्याचे पट्टे शेवटपर्यंत ओढूनही जॅकेट सैल राहिले, तर ते जॅकेट तुमचे नाही. लहान माप मागा. स्त्रियांसाठीच्या जॅकेटची पाठ आखूड असते आणि खांद्याचे पट्टे छातीच्या बाजूने वळून जातात. आपल्या उंचीला तेच घालून पाहा.

एक बारीक गोष्ट : सिलिंडर बांधायचा नायलॉनचा पट्टा आधी भिजवून घ्या. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात ढिला पडतो आणि सिलिंडर खाली सरकते.

बॅकप्लेटवाल्यांसाठी थोडक्यात : सूट घालून खांद्याच्या पट्ट्याखाली हाताचा पंजा सहज सरकला पाहिजे आणि स्वतःचा हात सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचला पाहिजे. पोहोचत नसेल तर प्लेट फार खाली आहे. जांघेतला पट्टा प्लेट वर सरकू नये एवढाच ताणा. तो कमरेचा पट्टा खाली ओढू लागला तर लांबी वाढवा.

प्रश्न : पूलमध्ये मला दोन किलो वजन पुरले. तारकर्लीला किती घेऊ? आणि माझे पाय सारखे खाली का जातात? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : पूलचा आकडा समुद्रात चालत नाही. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. तुम्ही आणि तुमचे सामान मिळून 100 किलो भरत असाल, तर समुद्रात साधारण अडीच किलो जास्त लागतात. पूलमध्ये सूट घातला नसेल तर सूटचे वजन वेगळे मोजा. हा फक्त सुरुवातीचा अंदाज आहे. खरी परीक्षा पाण्यात : जॅकेट पूर्ण रिकामे, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारे उपकरण) तोंडात, नेहमीसारखा श्वास आत घेऊन धरलेला, हातपाय स्थिर. पाण्याची रेषा डोळ्यांशी आली पाहिजे आणि श्वास सोडला की हळूहळू बुडायला हवे. ही परीक्षा डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये 50 बार उरले असताना घेतलेली सर्वांत खरी. भरलेल्या सिलिंडरवर घेतलीत तर त्यात दोन किलो मिळवा, कारण ॲल्युमिनिअमचे सिलिंडर रिकामे होत आले की स्वतःच तरंगू लागते. हे दोन किलो न मिळवल्याने शेवटी 5 मीटरवर थांबायच्या वेळी माणूस वर खेचला जातो आणि ठपका जॅकेटवर ठेवतो.

उलट चूक याहून जास्त दिसते : भीतीने चार किलो जास्त. मग तेवढीच हवा जॅकेटमध्ये भरावी लागते, आणि ती हवा खोलीबरोबर आकार बदलते. 30 मीटरवरून 20 मीटरवर येताना ती एक तृतीयांशाने वाढते, पण 10 मीटरवरून पृष्ठभागावर येताना दुप्पट होते. म्हणून तोल वरच्या काही मीटरमध्येच हातातून जातो. वर येताना इन्फ्लेटर (जॅकेटच्या नळीच्या टोकाचा, हवा भरण्या-सोडण्याच्या बटणांचा भाग) डोक्याच्या वर धरून थोडी-थोडी हवा आधीच सोडत या. वर जाऊ लागल्यावर सोडायची, तर उशीर झालेला असतो.

पाय खाली जातात याचे कारण बहुधा वजन कमरेवर, सिलिंडर खाली आणि फिन (पायातली वल्ही) जड. सिलिंडर दोन-तीन सेंटिमीटर वर चढवा. तरीही जमले नाही तर पट्ट्यावरचे एक किलो काढून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्याच्या खिशात घाला. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

प्रश्न : वापरलेले बीसीडी स्वस्तात मिळाले. पूलमध्ये बटण न दाबताही ते हळूहळू फुगते. धोका आहे का? (एक वाचक, औंध)

उत्तर : आहे, आणि दुरुस्त होईपर्यंत समुद्रात नेऊ नका. इन्फ्लेटरच्या आत स्प्रिंगने बंद राहणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. खारे पाणी वाळून त्याच्या दांड्यावर मिठाचे खडे धरतात किंवा वाळूचा कण अडकतो. मग बटण पूर्ण मागे येत नाही आणि हवा झिरपत राहते. बटण दाबून सोडा : टक् करून परतले तर ठीक, चिकटून सावकाश आले तर दोष तिथेच. बादलीत कोमट गोडे पाणी घेऊन इन्फ्लेटर अर्धा तास बुडवून ठेवा आणि अधूनमधून बटण दाबा. मात्र त्या वेळी रेग्युलेटरकडून इन्फ्लेटरला हवा आणणारी होज जोडलेली आणि सिलिंडर उघडे असू द्या, म्हणजे पाणी व्हॉल्व्हमधून उलटे होजच्या तोंडात शिरणार नाही. तरी झिरप थांबली नाही तर व्हॉल्व्ह बदलून घ्या. आणखी एक शक्यता रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्याची, म्हणजे सिलिंडरवर बसून दाब कमी करणाऱ्या भागाची : होजमध्ये साधारण 9-10 बार दाब असायला हवा. तो हळूहळू चढत राहिला तर चांगला इन्फ्लेटरही गळतो. गेज लावून दोन्ही तपासायला सांगा.

पाण्याखाली असे झाले तर काय? डाव्या हाताने इन्फ्लेटरची नळी वर धरून हवा सोडायचे बटण दाबून ठेवा, उजव्या हाताने कनेक्टरची कडी मागे खेचून होज वेगळी करा. नंतर जॅकेटमध्ये हवा तोंडाने भरा. हे पूलमध्ये डोळे मिटून, दहा-बारा वेळा करा. जाड हातमोजे घालत असाल तर तेही घालून. आपल्या इन्फ्लेटरला दुसरे रेग्युलेटर जोडलेले असेल तर त्याचे कनेक्टर बऱ्याचदा रुंद असते आणि साधी होज त्याला बसत नाही. खरेदीआधीच जोडून पाहा.

गळती शोधायची तर जॅकेट तोंडाने टणक फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडले असेल तर साबणाचे पाणी नळीच्या टोकांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर, खांद्याच्या आणि मागच्या डंप व्हॉल्व्हवर (हवा सोडायच्या व्हॉल्व्हवर) लावा. बुडबुडा जिथे येईल तिथे दोष. डंप व्हॉल्व्ह हाताने उघडता येतो : रबरी चकतीखालचा कण धुवा, स्प्रिंग सरळ ठेवून परत आवळा. सुरकुतलेल्या नळीला वाकवून भेग दिसली तर नळी बदला. खेचून हवा सोडायची सोय असलेल्या नळीत आत तार असते. हिसका देत ओढण्याने तिचा कोपरा तुटतो.

प्रश्न : घरी कसे ठेवावे? पावसात बाल्कनीत बुरशी धरते. (एक वाचक, पिंपळे सौदागर)

उत्तर : प्रत्येक सहलीनंतर बाहेरून गोड्या पाण्याने धुवा, मग नळीतून आत एक-दोन लिटर पाणी घालून हलवा आणि मागच्या व्हॉल्व्हमधून उलटे करून काढून टाका. पूलनंतरही धुवा, क्लोरीन कापड आणि शिलाई खाते. सावलीत उलटे टांगून पूर्ण वाळवा. ठेवताना अर्धे फुगलेले ठेवा, म्हणजे आतल्या भिंती एकमेकींना चिकटत नाहीत. जुलैत बाल्कनी नको, पंख्याखालची खोली बरी.