हैतीचे डोंगर उघडे का पडले?

तुम्ही विचारलंय, ‘विकसनशील देशात जंगलतोड का होते, तिचे परिणाम काय, हे एखाद्या देशाच्या उदाहरणावरून कुणी समजावून सांगेल का? पुस्तकात लोकसंख्यावाढ, गरिबी, लाकूडतोड एवढेच मुद्दे दिलेत.’

मी हैतीचं उदाहरण घेते. बरीच वर्षं भूगोल शिकवला, त्यात हा देश मला सर्वांत जास्त अस्वस्थ करत आला. पुस्तकातले तिन्ही मुद्दे तिथे लागू पडतात, पण ते पाठ करून मूळ गोष्ट कळत नाही. मूळ गोष्ट माझ्या मते अशी: ज्या माणसाकडे अडीनडीला विकायला दुसरं काहीच नाही, त्याच्यासाठी झाड म्हणजे बँकेतली शेवटची ठेव असते. ती मोडायची वेळ त्याच्यावर कोणी आणली, हे शोधावं लागतं.

हैती हा हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा. बाकीचं बेट डोमिनिकन प्रजासत्ताकाचं. मूळच्या ताइनो लोकांच्या भाषेत ‘आयिती’ म्हणजे डोंगरांचा मुलूख, आणि देश आहेही तसाच. निम्म्याहून जास्त जमीन उताराची. फ्रेंचांच्या काळात सपाटीवर ऊस आला आणि डोंगरावर कॉफी. १७८० च्या दशकात जगातली जवळपास निम्मी कॉफी या एका वसाहतीतून जात होती. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी झाडं तोडून ते मळे उभे केले. म्हणजे कुऱ्हाड पहिल्यांदा चालली ती परदेशातल्या बाजारासाठी.

१७९१ मध्ये गुलामांनी बंड केलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र झाला. पुढचा भाग शिकवताना माझा आवाज दर वेळी चढायचा. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवल्या आणि १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. कसली, तर मळेवाल्यांची मालमत्ता गेली त्याची. त्या मालमत्तेत ही गुलाम माणसंसुद्धा मोजलेली होती. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आली, पण ती भागवायला घेतलेली कर्जं आणि त्यांचं व्याज फिटायला १९४७ उजाडलं. पैसा उभा करायला देशाकडे होतं काय? कॉफी आणि लाकूड. महोगनीचे ओंडके आणि कापड रंगवायला लागणारं लॉगवुड शंभर वर्षं जहाजांत भरून जात राहिलं. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला रबर हवं होतं. रबराचा चीक देणाऱ्या एका वेलीसाठी शेतकऱ्यांना जमिनीवरून उठवलं, त्यांची फळझाडं पाडली. १९४४ मध्ये तो प्रयोग गुंडाळला. झाडं काही परत आली नाहीत.

आता कोळशाकडे येऊ, कारण हैतीचं नाव निघालं की सगळे कोळशावरच बोट ठेवतात. बहुसंख्य घरांत स्वयंपाक आजही लाकडावर किंवा लोणारी कोळशावर होतो. भट्टी लावायची रीत सोपी आहे. फांद्या आणि ओंडके दाटीने रचायचे, वर पालापाचोळा, गवत घालायचं, त्यावर माती लिंपायची आणि एका तोंडातून आत विस्तव सोडायचा. मग काही दिवस राखण. कुठे माती खचली आणि हवा आत शिरली, तर सगळं जळून राख होतं, म्हणून रात्रीही उठून भेगा बुजवाव्या लागतात. इतकं करून पाच-सहा किलो लाकडातून किलोभर कोळसा हाती येतो. पण तो हलका असतो, सडत नाही, धूर कमी करतो आणि शहरात कधीही विकला जातो. मका पावसाने दगा दिला की जातो, कोळसा जात नाही. घरात आजारपण आलं, शाळेची फी भरायची असली की भट्टी लागते.

हे काम पूर्वी डुक्कर करायचं. हैतीचं गावठी डुक्कर लहानसं, काळं, काटक. मिळेल ते खाऊन वाढायचं. शाळा उघडायच्या दिवसांत ते विकून मुलांची फी भरायची, ही घरोघरची पद्धत. १९७० च्या दशकाच्या अखेरीला बेटावर आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला. तो अमेरिकेत पोचू नये म्हणून १९८२-८३ मध्ये देशातली उरलेली जवळपास सगळी गावठी डुकरं मारून टाकली. बदल्यात अमेरिकेतून आणलेल्या डुकरांना स्वच्छ पाणी, विकतचं खाद्य, सिमेंटची जमीन लागायची. लोकांनी त्यांना नाव ठेवलं, ‘चार पायांचे राजपुत्र’. गोरगरिबांची एक ठेव अशी गेली, आणि उरली होती ती झाडं. जनावराच्या रोगाचा आणि जंगलाचा हा संबंध तुमच्या पुस्तकात सापडणार नाही, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

कॉफीचंही तसंच. कॉफीला सावली लागते, त्यामुळे कॉफीवाला शेतकरी मोठी झाडं राखतो. भाव पडले की तो कॉफी उपटून मका आणि घेवडा लावतो, मग सावलीची झाडं अडचण वाटू लागतात.

परिणाम सांगण्याआधी वर्गात मी करायचे तो प्रयोग सांगते, घरीही करून बघा. दोन ट्रे घ्यायचे, दोन्हींत सारखी माती, सारखा उतार. एकावर वाळका पाला पसरायचा, दुसरा उघडा ठेवायचा. झारीने सारखं पाणी घालायचं. पाल्याच्या ट्रेखालच्या भांड्यात पाणी सावकाश आणि बऱ्यापैकी नितळ येतं. उघड्या ट्रेखाली लगेच गढूळ लोंढा. थेंब सरळ मातीवर आदळतो, तिचे कण सुटतात, वरची भोकं बुजतात, आणि मग पाणी मुरायच्या ऐवजी पळतं.

हैतीत हेच डोंगरभर झालं. आर्तिबोनित नदीवर १९५० च्या दशकात बांधलेलं पेलिग्र धरण वीज आणि सिंचनासाठी होतं. वरून येणाऱ्या गाळाने ते भरत गेलं आणि वीज घटली. शहरात वीज नाही, गॅस परवडत नाही, म्हणून परत कोळसा. मे २००४ मध्ये मुसळधार पावसाने फों-व्हेरेत आणि मापू इथे शेकडो माणसं गेली. फों-व्हेरेतवरून आलेली नदी खाली सरहद्द ओलांडून डोमिनिकन हद्दीतल्या हिमानी गावात शिरली आणि तिथेही रात्रीत शेकडो मेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जीन हे वादळ उत्तरेच्या किनाऱ्याजवळून गेलं. गोनाईव शहरावर डोंगरातलं पाणी आणि चिखल आला. हैतीत ३,००० च्या आसपास मृत्यू झाले, शेजारच्या देशात शंभरहून कमी. सगळा दोष उघड्या डोंगरांना देता येणार नाही, सखल पूरभागात दाटीने वसलेली गरीब वस्तीही त्याला कारण होती. पण पाणी तेवढ्या वेगाने आलं, ते वर अडवायला काही नव्हतं म्हणूनच.

शेजारी झाडं टिकली ती कशी, हा प्रश्न मुलं हमखास विचारत. तिथे १९६७ मध्ये सरकारने लाकूडगिरण्या बंद केल्या, जंगलं लष्कराच्या ताब्यात दिली आणि पुढे स्वयंपाकाच्या गॅसला अनुदान दिलं. बंदुकीच्या धाकाची किंमत तिथल्या गरिबांनी मोजली, ते मला पटत नाही. गॅसचा भाग मात्र घेण्यासारखा आहे.

एक दुरुस्ती. ‘हैतीत फक्त २ टक्के जंगल उरलंय’ हे वाक्य प्रकल्पात लिहू नका. जुनं मूळ जंगल खरोखरच नाममात्र उरलंय, पण उपग्रहाच्या चित्रांवरून झालेल्या अभ्यासात सुमारे ३० टक्के जमिनीवर झाडोरा दिसतो. त्यात आपल्याकडच्या वेड्या बाभळीचीच एक जात भरपूर आहे. ती तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटते आणि बराच कोळसा तिचाच होतो. दर पोत्यामागे एक जंगल गेलं, असा हिशेब होत नाही.

आणि १९८१ सालचा एक प्रयोग जरूर लिहा. त्याआधीच्या वृक्षारोपणात शेतकरी रोपं जगू देत नसत, कारण झाड मोठं झालं की ते सरकारचं ठरेल आणि जमीनही जाईल, ही भीती. जेराल्ड मरे या मानववंशशास्त्रज्ञाने अमेरिकी मदतीतून वेगळी योजना आखली. लवकर वाढणारी रोपं फुकट द्यायची आणि स्वच्छ सांगायचं, झाड तुझं, हवं तेव्हा तोड, वीक. चार वर्षांत ३० लाख झाडांचं उद्दिष्ट होतं, लागली २ कोटींच्या आसपास. तोडायची पूर्ण मुभा असूनही अंदाजाइतकी तोड झाली नाही. अनेकांनी झाडं तशीच उभी ठेवली, पुढे कधी घरात कुणी आजारी पडलं तर असावीत म्हणून.