वाचकांचे प्रश्न : ॲनफिल्डचा सातबारा

प्रश्न : आमच्या परभणीत पोरं ज्या रिकाम्या प्लॉटवर फुटबॉल खेळतात, त्याच्या मालकाने यंदा भाडं डबल केलंय. माझा मुलगा लिव्हरपूल या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा पक्का फॅन. तो म्हणतो त्यांचं ॲनफिल्ड ग्राउंड आधी त्याच शहरातल्या एव्हर्टन क्लबचं होतं आणि भाड्याच्या भांडणातूनच लिव्हरपूल निघाली. पोरगं फेकतंय का खरंय? – एक वाचक, परभणी

उत्तर : फेकत नाहीये हो, उलट अर्धीच गोष्ट सांगितली त्याने.

1878 साली लिव्हरपूल शहरात एका मेथडिस्ट चर्चच्या पोरांनी सेंट डोमिंगो नावाची टीम काढली, पुढच्या वर्षी तिचंच नाव एव्हर्टन झालं. खेळायचे स्टॅनली पार्कात, म्हणजे सार्वजनिक बागेत. मग प्रायरी रोडला एकाने जागा दिली पण मॅचचा कालवा त्याला सोसवेना, वर्षभरात म्हणाला निघा. 1884 ला ॲनफिल्ड रोडची जमीन मिळाली, ती ऑरेल कुटुंबाची, आणि ती मिळवून दिली जॉन हौल्डिंगने. बियरचा कारखानदार, राजकारणातला माणूस, आणि क्लबचा अध्यक्ष पण तोच. असं एक कॅरेक्टर आपल्या दर तालुक्याला असतंच.

पुढच्याच वर्षी पठ्ठ्याने ती जमीन स्वतःच विकत घेतली! आता अध्यक्षही तोच अन् मालकही तोच, खेळाडू कपडे बदलायचे ते त्याच्याच सॅन्डन हॉटेलात, आणि ग्राउंडवर बियर विकायची तीही त्याचीच. टीम 1888 ला इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये गेली, गर्दी वाढली, तसं भाडंही वर्षाला 100 पौंडावरून 250 वर गेलं. 1890-91 ला तर एव्हर्टनने याच ॲनफिल्डवर खेळून लीग जिंकली, म्हणजे या ग्राउंडवरचं पहिलं लीग विजेतेपद एव्हर्टनचं आहे, हे मुलाला जरूर सांगा, आणि तोंड बघा त्याचं.

पण खरी ठिणगी पडली ती रस्त्यावरून. शेजारची जमीन अजून ऑरेलकडेच होती आणि त्याला तिथून रस्ता काढायचा हक्क होता, अन् क्लबने बांधलेला स्टॅन्ड नेमका त्या रस्त्यात आलेला. शेतरस्त्याचं भांडण म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको! हौल्डिंग म्हणे कंपनी काढा आणि माझी पण घ्या, ऑरेलची पण जमीन विकत घ्या. मेंबर लोक म्हणे आमच्याच घामावर तू नफा कमावणार का. त्यांचा पुढारी जॉर्ज मेहॉन, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस. त्याने 1892 ला सगळं बिऱ्हाडच उचललं आणि स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्क उभं केलं, ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालं.

इकडे हौल्डिंगकडे ग्राउंड आहे पण टीम नाही, म्हणजे मांडव तयार अन् नवरदेव पळालेला. त्याला एव्हर्टन हे नाव पण ठेवून घ्यायचं होतं, पण नाव जुन्या क्लबकडेच राहिलं. मग मार्च 1892 मध्ये त्याने नवी टीम काढली, तीच लिव्हरपूल. गंमत म्हणजे त्यांचे पहिले शर्ट निळे-पांढरे होते, लाल रंग 1896 ला आला.

एक आपल्याकडचा धागा सांगायलाच पाहिजे. ॲनफिल्डचा तो प्रसिद्ध कॉप स्टॅन्ड 1906 ला बांधला, नाव दिलं दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप टेकडीवरून, जिथे जानेवारी 1900 ला बोअर युद्धात इंग्रजांचा पार धुव्वा उडाला होता. त्याच लढाईत जखमींचे स्ट्रेचर उचलणाऱ्या हिंदी लोकांच्या तुकडीत गांधीजी होते. कॉपजवळचा झेंड्याचा खांबही साधा नाही, तो ग्रेट ईस्टर्न जहाजाच्या डोलकाठीचा आहे, ज्या जहाजाने 1870 ला मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली. म्हणजे ती काठी मुंबईला येऊन गेलेली!

तुमच्या मालकाचं म्हणाल तर करार लेखी करून घ्या, किती वर्षं, दरसाल किती वाढ, सगळं स्टॅम्पपेपरवर, आणि कौतुकाच्या भरात त्यालाच क्लबचा अध्यक्ष करू नका. मी लहानपणी संभाजीनगरात आमखास मैदानावर फुटबॉल बघायला जायचो, तिथे भाड्याची कटकट नव्हती, म्हैस मध्येच शिरली की खेळ थांबायचा एवढंच.

प्रश्न : एव्हर्टनने गुडिसन पण सोडलं म्हणे, पाडलं का ते? – एक वाचक, जालना

उत्तर : नाही, पाडलं नाही. पुरुषांची टीम तिथली शेवटची मॅच मे 2025 मध्ये साउदॅम्प्टनशी खेळली, 2-0 जिंकली, आणि ब्रॅम्ली-मूर डॉकवरच्या नव्या स्टेडियमला गेली. गुडिसनवर आता त्यांची महिलांची टीम खेळते. आणि ग्राउंडच्या कोपऱ्याला अगदी चिकटून असलेलं ते सेंट ल्यूक चर्च, तेही जागच्या जागी आहे.