'युनिटी'ला जुगलबंदी म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकी गायक जेम्स ब्राउन आणि हिप-हॉपचा डीजे आफ्रिका बंबाटा यांच्या 1984 सालच्या 'युनिटी' या रेकॉर्डवर लिहिताना 'कोलॅबरेशन'साठी मी 'जुगलबंदी' वापरला. मित्र म्हणतो, 'युगुलगीत' हवं. बरोबर कोण?"

माझ्या मते दोन्ही शब्द इथे बसत नाहीत.

गंमत म्हणजे दोन्ही एकाच घरचे आहेत. मूळ संस्कृत 'युगल', म्हणजे जोडी. शब्दाच्या सुरुवातीचा 'य' प्राकृतात 'ज' होतो. 'यव'चा जव झाला, 'युग'चं बैलांच्या मानेवरचं जू झालं, तसाच 'युगल'चा 'जुगल'. तो हिंदीतून आपल्याकडे आला. 'युगुल' मात्र मराठीत प्रेमी युगुलाचंच होऊन बसलं. युगुलगीत म्हटलं की नायक-नायिका डोळ्यांपुढे येतात. पन्नाशी गाठलेला ब्राउन आणि त्याच्याहून सुमारे दोन तपांनी लहान बंबाटा शांतता, एकजूट, प्रेम आणि मजा यांचा पुकारा करत आहेत. त्याला हा शब्द कसा लावणार?

जुगलबंदीत दोघे तोलामोलाचे लागतात, रविशंकरांची सतार आणि अली अकबर खाँचा सरोद असे. तिथे एकमेकांना दिलेलं आव्हान असतं. म्हणून तर सभागृहातल्या वादालाही आपण 'शाब्दिक जुगलबंदी' म्हणतो. 'युनिटी'त ती चुरस नाही. ती का नाही, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. 11 ऑगस्ट 1973 च्या रात्री न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून, गाणं थांबतं आणि नुसता ताल उरतो तो 'ब्रेक' लांबवत नेला. या कामाला ब्राउनच्या रेकॉर्डी फार लागत. बंबाटा त्याच ब्राँक्समधला डीजे, याच तालावर वाढलेला. म्हणजे ज्याच्या तालावर हिप-हॉपची एक पिढी उभी राहिली तो वडीलधारा आणि त्या पिढीतला एक, असे दोघे एका मायक्रोफोनवर आले. मला या रेकॉर्डमधलं हेच सर्वांत भावतं.

एकाने हाक द्यायची आणि दुसऱ्याने उचलायची, हे आपल्या पोवाड्यात आहेच. शाहीर म्हणतो, झीलकरी झील धरतात. 'युनिटी'त शाहीर आणि झीलकरी जागा बदलत राहतात, एवढाच फरक. तमाशातल्या सवाल-जवाबाची आठवण काहींना होईल, पण तिथे हरवायचं असतं. तो शब्द रॅप बॅटलसाठी, म्हणजे रॅपरांच्या शब्दांच्या चढाओढीसाठी, राखून ठेवावा.

'ब्राउन यांच्या सहकार्याने' असं तर मुळीच लिहू नका. त्यातून त्यांनी पैसे किंवा हॉल दिल्यासारखं वाटतं. मी लिहीन: "ब्राउन आणि बंबाटा यांनी आलटूनपालटून गायलेली, एकमेकांची झील धरणारी 12 इंची तबकडी." 'तबकडी' जरूर ठेवा. तबकाला 'डी' लागून झालेला हा शब्द जिभेला ध्वनिमुद्रिकेपेक्षा हलका आहे. मात्र '12 इंची' गाळू नका. एलपीच्या, म्हणजे बरीच गाणी मावणाऱ्या मोठ्या तबकडीच्या, आकारात एखादंच गाणं असल्यामुळे तिच्या खाचा रुंद असतात, आवाज दमदार उमटतो, आणि म्हणूनच डीजेंना ती हवी असे.