‘दुभंग’ नको

प्रिय मित्रा,

कथा काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. छान उतरली आहे. दोन-तीन ठिकाणी संवाद लांबलेत, तिथे समासात पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. हे पत्र फक्त नावाबद्दल.

‘दुभंग’ हे तुझ्या कथेचं नाव नाही, तिच्या विषयाचं नाव आहे. दोन भाऊ, वाटणी, विकायला काढलेलं वडिलांचं घर. उद्या दुसऱ्या कुणी हाच विषय घेतला तर त्या कथेलाही ‘दुभंग’ चपखल बसेल. ‘प्रतीक्षा’, ‘वळण’, ‘ऋणानुबंध’, ‘सावट’ ही सगळी याच घराण्यातली. असं नाव सुचलं की काहीतरी भारदस्त हाती लागल्यासारखं वाटतं, पण अनुक्रमणिकेत वीस नावांमध्ये ते हरवून जातं.

आता तुझी ती पायरी बघ. जिन्याची सातवी पायरी करकरते. वडिलांची झोप सावध, म्हणून थोरला रात्री उशिरा आला की ती ओलांडून वर जातो. वडील जाऊन वर्ष झालं तरी ओलांडतोच. आणि शेवटच्या रात्री, रिकाम्या घरात, तो मुद्दाम तिच्यावर पाय देतो आणि आवाज विरेपर्यंत तिथेच उभा राहतो. वाचताना मीही तिथे थांबलो होतो. आज हे लिहायला बसलो तेव्हा भावांची नावं आठवायला पानं उलटावी लागली, पायरी मात्र लख्ख आठवत होती. नाव तिथेच आहे.

‘सातवी पायरी’ म्हणून बघ. कथा वाचण्याआधी त्यातून काहीच फुटत नाही. सातवीच का, एवढाच प्रश्न पडतो, आणि पान उलटायला तो पुरेसा आहे. कथा संपल्यावर वाचकाची नजर पुन्हा वर जाते, तेव्हा तेच दोन शब्द त्याला वेगळे ऐकू येतात. मी नाव नेहमी असंच तपासतो: कथेआधी एकदा, कथेनंतर एकदा. ‘दुभंग’ दोन्ही वेळा तेवढंच सांगतं. आणि नुसतं ‘पायरी’ही नको. आकडा काढलास की ती लगेच आयुष्याची पायरी होऊन बसेल. सातवी म्हटलं की लाकडाचीच राहते.

नाव बदललंस तर एक दुरुस्ती करावी लागेल. पायरी पहिल्यांदा येते तिथे तू चार वाक्यं खर्च केली आहेस. नावामुळे वाचक आधीच तिची वाट बघत असेल, तेव्हा दोन पुरेत.

शेवट फोडणाऱ्या नावापासून मात्र जप. माझ्या एका कथेला मी ‘शेवटची भेट’ हे नाव दिलं होतं. दोन मैत्रिणी वर्षांनंतर भेटतात आणि ही भेट शेवटची, हे अखेरच्या परिच्छेदात कळतं. म्हणजे कळायला हवं होतं. दुसऱ्या पानापासूनच सगळं ठाऊक होतं, असं एका वाचकाने सांगितलं. त्या कथेचं मला आजही वाईट वाटतं.

मोठ्यांनाही हे सहज जमलेलं नाही. जॉर्ज ऑर्वेलने ऑक्टोबर १९४८मध्ये आपल्या नव्या कादंबरीच्या नावाबद्दल प्रकाशकाला लिहिलं होतं, की ‘द लास्ट मॅन इन युरोप’ आणि ‘नाइन्टीन एटी-फोर’ यांत त्याचं ठरत नाही. पहिल्या नावात नायकाची गत आधीच सांगून टाकली होती, दुसऱ्यात नुसतं साल, आणि शेवटी तेच राहिलं. पण आकड्यात जादू आहे असं समजू नकोस. टॉलस्टॉयची महाकादंबरी १८६५मध्ये मासिकात येऊ लागली तेव्हा तिचं नाव ‘१८०५’ होतं. पुढे ती त्या सालात मावेना, आणि ‘युद्ध आणि शांती’ झाली.

नाव बोलण्यात कसं वागतं तेही बघ. मराठीत त्याला प्रत्यय लागणारच. ‘सातव्या पायरीतला थोरला’ हे तोंडात सहज बसतं. लांबलचक वाक्याचं नाव ठेवलंस तर प्रत्यय कुठे लावायचा हेच लोकांना कळत नाही, आणि मग ते ‘ती वाटणीची कथा’ एवढंच म्हणतात. नावापुढे तीन टिंबं आणि उद्गारचिन्ह तर नकोच. हे नाव आधी कुणी वापरलं असेल का, याचीही फार चिंता करू नकोस. नुसत्या शीर्षकाला सहसा कॉपीराइट नसतो. फक्त गाजलेलं नाव उचलू नकोस, वाचकाच्या मनात त्या नावाची दुसरी कथा आधीच बसलेली असते.

धाकट्याच्या खिशातल्या किल्लीकडेही एकदा बघ. मला ती आवडली, पण दुसऱ्या पानानंतर ती परत येत नाही, म्हणून तिचं नाव सुचवत नाही. तुला ती शेवटपर्यंत न्यावीशी वाटली तर गोष्ट वेगळी. मग पायरीला तिची जागा सोडावी लागेल, आणि कथेचा शेवटही बदलेल. दोन्ही करून बघ आणि काय ठरतं ते कळव.

तुझा,
काका