अ‍ॅप काढतो, चार दिवसांनी परत टाकतो

‘अ‍ॅप काढून टाकलं की चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी मीच परत टाकतो. मला व्यसन लागलंय का?’ चांगली कर्ती माणसं हा प्रश्न घेऊन येतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी असलेले एक चाळिशीचे गृहस्थ पत्नीसह आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). रात्री दीड-दोनपर्यंत रील्स, सकाळी सौद्याला डोळे तारवटलेले, आणि पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब) करताना वजनाचे आकडे चुकायला लागलेले.

व्यसनाचं आधी सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२पासून लागू झालेली आजारांची यादी गेमिंगच्या विकाराला जागा देते, रील्स बघण्याला स्वतंत्र आजार म्हणत नाही. त्यामुळे स्वतःवर शिक्का मारायची घाई नको. झोप, काम आणि घर यांपैकी काय बिघडतंय, तेवढं बघावं.

‘फोन सोडा’ हा सल्ला यांच्या कामाचा नव्हता. भाव, आवक, शेतकऱ्यांचे निरोप, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. म्हणून चार दिवस एक वही ठेवायला सांगितली. किती तास फोन बघितला हे त्यात लिहायचं नव्हतं, ते फोन सांगतोच. हात फोनकडे गेला त्याच्या आधीच्या मिनिटाला काय चाललं होतं, ते लिहायचं. दिवसाच्या नोंदी बहुतेक कामाच्या निघाल्या. रात्रीच्या मात्र सगळ्या एकाच जागी येऊन थांबल्या: दिवा मालवला, आणि मुलीची फी, अडकलेली येणी, सोसायटीचं कर्ज डोक्यात फिरायला लागलं. रील लावली की हे फिरणं थांबायचं. अ‍ॅप काढल्यावर रील जाते, हिशेब तिथेच राहतात. मग पाचव्या दिवशी अ‍ॅप परत येणारच. यात मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

त्यांनी अर्ध्या तासाचा टायमरही लावून पाहिला होता. अँड्रॉइडच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मधला अ‍ॅप टायमर मध्यरात्री नव्याने सुरू होतो. साडेअकराला वेळ संपली की हे बाराची वाट बघत जागे राहायचे, कारण बाराला नवा अर्धा तास मिळायचा. झोप आणखीच लांबली. ‘बेडटाइम मोड’ने स्क्रीन करडी होते, सूचना गप्प होतात, पण अ‍ॅप बंद होत नाही. रात्रीच्या सवयीवर सेटिंगपेक्षा फोनची जागा बदलणं जास्त चालतं.

म्हणून चार्जर बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर हलवला आणि उठायला साधं गजराचं घड्याळ आणलं. ‘गावाकडून वडिलांचा फोन आला तर?’ ही अडचण खरी होती. त्यासाठी ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये वडील आणि भाऊ यांना तारांकित करून त्यांच्या कॉलना परवानगी दिली, रिंग मोठी ठेवली. कोणी पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू देण्याची सोयही तिथेच असते.

दुसरं काम हिशेबाचं. जेवणाआधी वीस मिनिटं दोघांनी कागद घेऊन बसायचं: कोणाचं किती येणं, कोणती तारीख, उद्या कोणाला फोन. रात्री काही आठवलं तर उशाशी ठेवलेल्या कागदावर एक ओळ लिहायची आणि उद्याच्या बैठकीत घ्यायची.

पत्नीचा ‘अहो, ठेवा आता’चा धोशा बंद करून त्यांचाही फोन दहाला त्याच टेबलावर ठेवायचं ठरलं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवायचा पायंडा पडला. तिथे वेळ सगळ्यांची एकच, त्यामुळे कोणी कोणाला टोकायची वेळ येत नाही. घरातही हेच लागू पडतं.

पहिल्या तीन-चार रात्री हात उशाखाली चाचपडतो, झोप लागत नाही, चिडचिड होते. हे होणारच. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत न राहता उठून मंद उजेडात बसावं, डोळे जड झाले की परत यावं. सकाळी उठायची वेळ मात्र बदलू नये, दुपारची झोप टाळावी.

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणं, कशातच रस न उरणं किंवा पैसे लावून खेळायचे गेम असतील, तर एवढ्यावर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ या टेली मानस क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

लग्नसराईत चार रात्री पाहुण्यांकडे काढल्या तेव्हा यांचा फोन पुन्हा उशाशी आला. अशा वेळी अ‍ॅप काढायचं नाही, शपथ घ्यायची नाही. घरी आल्यावर पहिल्याच रात्री चार्जर बाहेर. दुपारी गिऱ्हाईक नसताना ते अजूनही रील्स बघतात. साडेअकराच्या आत झोप लागते आहे, पट्टीतले आकडे जुळताहेत, त्यामुळे त्याला हात लावलेला नाही.